घरातल्या बोन्सायवरचा पिठ्या ढेकूण: फवारणीच्या आधीची मोजणी

वाशीमला आमच्या घरी बैठकीच्या खिडकीत एक वडाचं बोन्साय आहे. आबांनी लावलेलं. आबा आता नाहीत, झाड आहे. त्यामुळे घरात त्या झाडाला थोडा मान आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी सुट्टीत घरी गेले, तेव्हा आजीने ते दाखवलं. "हे पांढरं काय आलं वं फांदीले?" फांद्यांच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे पुंजके होते, पानं चिकट झाली होती आणि ट्रेच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. पिठ्या ढेकूण. ओळखायला मला दोन सेकंदही लागले नाहीत, कारण एमएस्सीला कीटकशास्त्रच घेतलं होतं. त्यानंतर मी जे केलं ते मात्र कीटकशास्त्र शिकलेल्या माणसाला शोभणारं नव्हतं. शेतातून आणलेलं, पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून ठेवलेलं कपाशीचं उरलेलं औषध होतं. ते अंदाजाने पाण्यात मिसळून मी बैठकीतच फवारलं.

संध्याकाळी आजीचं डोकं जड झालं, मळमळायला लागलं. डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "औषध कोणतं होतं?" मला सांगता येईना. बाटलीवर लेबलच नव्हतं. आजी दुसऱ्या दिवशी बरी झाली. बैठक दोन दिवस उघडी टाकून ठेवावी लागली. आणि तीन आठवड्यांनी पिठ्या ढेकूण परत आला.

संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिताना मला त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करायची आहे. कीड परत का आली? फवारा तर चांगला जोरदार मारला होता.

कीड परत का येते?

पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणाचा थर असतो. पाण्यात मिसळलेलं औषध त्यावरून ओघळून जातं. मादी मेणाच्या धाग्यांच्या पिशवीत अंडी घालते, एका पिशवीत काहीशे अंडी असू शकतात, आणि त्या पिशवीत फवारा नीट पोचत नाही. म्हणजे समोर दिसणाऱ्या माद्या मेल्या तरी आठ-दहा दिवसांत नवी पिल्लं बाहेर पडतात. ही पिल्लं सुरुवातीला पिवळसर, टाचणीच्या टोकाएवढी आणि चांगली चालणारी असतात. त्यांच्या अंगावर अजून मेण चढलेलं नसतं. कीड सगळ्यात कच्ची असते ती याच अवस्थेत. एकदाच फवारून थांबलं तर नेमकी ही वेळ हातची जाते.

बोन्सायमध्ये आणखी तीन लपण्याच्या जागा असतात, ज्या कपाशीच्या शेतात नसतात. एक, फांदीला आकार देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेच्या खाली. दोन, जुन्या सालीच्या भेगा आणि छाटणीच्या जखमांच्या कडा. तीन, मुळं. पिठ्या ढेकणाच्या काही जाती मुळांवरच जगतात. कुंडीतून झाड काढलं की मुळांच्या जाळ्यात आणि ट्रेच्या आतल्या भिंतीला पांढरी भुकटी दिसते. आबांच्या वडाची माती बदलली तेव्हा मला ती दिसली. वरून फवारून त्या मुळांवरच्या किडीला काय होणार होतं?

घराच्या आत कीड का वाढते?

बाहेर अंगणात जास्वंदीवरही पिठ्या ढेकूण असतो, पण सहसा झाड मरत नाही. तेच झाड आत आणलं की कीड माजते. याचं मुख्य कारण म्हणजे घरात तिचे शत्रू नसतात.

विदर्भातल्या माणसाला हे कपाशीच्या उदाहरणावरून लगेच कळेल. 2005 नंतरच्या काही वर्षांत देशभर कपाशीवर पिठ्या ढेकणाची एक नवी जात पसरली, फेनॅकोकस सोलेनॉप्सिस. मूळ अमेरिकेतली. तिचं वर्णन टिन्स्ली यांनी 1898 मध्येच केलं होतं. आपल्याकडे ती कपाशीवर आलीच, शिवाय जास्वंद, पेटारी आणि बांधावरचं गाजर गवत यांवरही बसली. सगळे फवारत होते. त्याच काळात एक बारीकशी परजीवी गांधीलमाशी या किडीवर जगताना सापडली. 2009 मध्ये तिला एनासियस बंबावालेई असं नाव दिलं गेलं. नावातलं आपल्याकडचं आडनाव तुम्हाला ओळखू येईल. पुढे ती आधीच वर्णन झालेली एनासियस ॲरिझोनेन्सिस हीच जात असल्याचं ठरलं. ही माशी पिठ्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते, पिल्लू त्याला आतून खातं आणि ढेकूण तपकिरी, कडक, पिंपासारखा फुगीर होतो. त्याला आम्ही ममी म्हणतो. ज्या शेतात ही माशी टिकली तिथे किडीचा जोर ओसरायला मोठी मदत झाली.

पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइमतूरला दिसला आणि पुढे महाराष्ट्रातही आला. त्यावर 2010 मध्ये पोर्टो रिकोतून परजीवी माश्या मागवून सोडल्या गेल्या. त्यातली ॲसेरोफॅगस पपई ही माशी सगळ्यात प्रभावी ठरली.

आता बैठकीतल्या बोन्सायचा विचार करा. तिथे गांधीलमाशी येत नाही, ढालकिडा येत नाही, पावसाचा मार बसत नाही. मुंग्या मात्र येतात. पिठ्या ढेकूण रस पिऊन गोड चिकटा सोडतो, तो मुंग्या खातात आणि बदल्यात किडीच्या शत्रूंना हुसकावून लावतात. शिवाय घरात उजेड कमी, त्यात आपण प्रेमाने जास्त नत्रखत घालतो. त्यामुळे फुटवा लुसलुशीत येतो आणि रस शोषणाऱ्या किडींना तोच आवडतो. म्हणजे कीड घरात "आली" एवढंच खरं नाही. आपण तिला शत्रू नसलेली जागा तयार करून दिली. आमचा वड पावसाळाभर अंगणात जास्वंदीशेजारी होता, दिवाळीत आत आणला. कीड बहुधा त्याच्याबरोबरच आत आली आणि उन्हाळ्यापर्यंत निवांत वाढली.

आधी ओळख

बोन्सायवर दिसणारी प्रत्येक गोष्ट पिठ्या ढेकूण नसते. दहा रुपयांचं भिंग आणि एक पांढरा कागद एवढं घ्या.

पिठ्या ढेकूण: कापसासारखे पुंजके, बेचक्यात आणि पानाच्या शिरेलगत. टाचणीने हलवला तर हळू सरकतो.

खवले कीड: फांदीवर चिकटलेले तपकिरी टिकले. साल समजून दुर्लक्ष होतं. नखाने खरवडला तर टिकला निघतो आणि खाली ओलसर अंग किंवा अंडी दिसतात.

फुलकिडे: फायकसच्या बोन्सायवर पान मधल्या शिरेवर पुरणाच्या करंजीसारखं मिटलेलं दिसतं. उघडून बघा, आत काळे प्रौढ आणि पिवळट पिल्लं असतात. मिटलेल्या पानात फवारा जात नाही. पान तोडून पिशवीत बांधून टाकणं हाच सोपा उपाय.

कोळी: हा कीटकच नाही, याला आठ पाय असतात. पानावर बारीक फिकट ठिपके आणि पुढे जाळी. फांदी पांढऱ्या कागदावर झटका, चालणारे ठिपके दिसतील. वाशीमच्या कोरड्या उन्हाळ्यात हा झपाट्याने वाढतो. अनेक कीटकनाशकं कोळ्यावर चालत नाहीत, उलट त्याचे शत्रू मारून त्याला वाढवतात. त्यामुळे इथे चुकीची ओळख थेट चुकीच्या औषधाकडे नेते.

मातीवरच्या बारीक माश्या: पाणी जास्त झाल्याची खूण. मातीचा वरचा थर कोरडा होऊ द्या, पिवळा चिकट सापळा लावा. झाडावर फवारायची गरज नाही.

संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. पिठ्या ढेकणाची नेमकी जात सांगायची असेल तर प्रौढ मादीची काचपट्टी तयार करून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. मोबाईलच्या फोटोवरून "ही अमुक जात" असं प्रबंधात लिहू नका. खात्री नसेल तर कुळापर्यंत लिहून थांबा. परीक्षक कमी लिहिल्याबद्दल टोकतील, पण चूक लिहिल्याबद्दल पकडतील.

मग करायचं काय?

मी पुढच्या वेळी ज्या क्रमाने केलं तो क्रम देते. सौम्य उपाय आधी, कडक उपाय शेवटी.

1. झाड बाकीच्या कुंड्यांपासून वेगळं ठेवा. मुंग्यांचा रस्ता तोडा. ट्रे पाण्याच्या परातीत विटेच्या तुकड्यांवर ठेवला तरी पुरतं. परातीला फांदी टेकता कामा नये.

2. तारा काढा. फार भरलेल्या फांद्या आणि पानं छाटा. फायकस निरोगी असेल आणि वाढीचा हंगाम असेल तर बरीच पानं काढलेली सोसतो. आजारी झाडावर हा प्रयोग नको.

3. मेडिकलमध्ये मिळणारं 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन एकेक पुंजका पुसा. अल्कोहोल मेणाच्या थरातून आत जातं. ते पेट घेतं, म्हणून देवघरातली समई आणि गॅस यांच्यापासून लांब. आधी एका पानावर लावून दोन दिवस वाट बघा.

4. मग साबणाचं पाणी. कीटकनाशक साबण म्हणून मिळणारा पोटॅशियम साबण चांगला. कपडे धुण्याची पावडर नको, पानं करपतात. साबण फक्त अंगाला लागला तरच मारतो आणि वाळल्यावर त्याचा असर उरत नाही. म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा, असं तीन-चार वेळा करायचं. कारण वर सांगितलंच: अंड्यातून पिल्लं टप्प्याटप्प्याने येतात. फवारताना माती प्लास्टिकने झाका.

5. निंबोळी अर्क किंवा लेबल असलेलं नीम तेल. 5 टक्के अर्क म्हणजे 1 लिटर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड, रात्रभर भिजवून गाळलेली. यातलं ॲझाडिरॅक्टिन कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतं. त्यामुळे कीड लगेच मरत नाही. दुसऱ्या दिवशी बघून "काही उपयोग नाही" असं म्हणू नका.

6. मुळांवर कीड असेल तर माती बदला. जुनी माती धुऊन काढा, भरलेली मुळं छाटा, ट्रे गरम पाण्याने घासा.

7. शक्य असेल तेव्हा झाड अंगणात, सावलीत ठेवा. एकदम मे महिन्याच्या उन्हात नाही, हळूहळू. बाहेर गेल्यावर तपकिरी कडक ममी दिसल्या तर त्या पुसू नका, त्यातून तुमच्या बाजूची माशी निघणार आहे. आणखी एक गंमत: क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी दिसते, फक्त मोठी आणि चपळ. हा ढालकिडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. लोक त्यालाच कीड समजून चिरडतात.

मुळांतून शोषली जाणारी रासायनिक औषधं मी या यादीत मुद्दाम घातली नाहीत. बोन्सायचा ट्रे उथळ असतो, माती ओंजळभर. एकराच्या हिशेबाने ठरलेली मात्रा तिथे अंदाजाने उतरवता येत नाही.

"औषध" हा शब्द

आपण शेतात विषाला औषध म्हणतो. वाशीमसारख्या सोयाबीन-कपाशीच्या जिल्ह्यात ते घरोघरी असतं, म्हणून त्याची भीती गेलेली असते. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. त्यानंतर राज्य सरकारने पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी घातली. ती ज्या जिल्ह्यांत होती त्यात वाशीमही होता.

कीटकनाशक कायदा 1968 चा. त्यानुसार डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. लेबलवर कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती मात्रा हेही असतं. आणि डॉक्टरांसाठी उतारा लिहिलेला असतो. औषध दुसऱ्या बाटलीत ओतलं की ही सगळी माहिती फेकून दिली जाते. त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी गप्प उभी होते ती यामुळेच. म्हणून घरात दोन नियम पक्के करा. बिनलेबलचं काही फवारायचं नाही, आणि शेतासाठीचं औषध राहत्या खोलीत आणायचं नाही.

आता संशोधनाचा भाग: "गुण आला" हे कशावरून?

साबण मारला, कीड कमी झाली, म्हणजे साबणाने कमी झाली का? पीएचडीच्या मुलाखतीत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात विचारला जातो. चला, बोन्सायवरच उत्तर शोधू.

समजा, साबण मारलेल्या रोपांवर आधी 50 ढेकूण होते, सात दिवसांनी 10 राहिले. आपण म्हणू, 80 टक्के घट. आता बाजूला काही रोपांवर नुसतं पाणी मारलं होतं. तिथे आधी 40 होते आणि नंतर 20 राहिले. म्हणजे पाण्याच्या माराने आणि इतर कारणांनी निम्मे तसेच गेले. हेंडरसन आणि टिल्टन यांचं 1955 चं सूत्र हा हिशेब करतं:

परिणामकारकता = [1 − (उपचारानंतर × तुलनेतले आधीचे) ÷ (उपचाराआधी × तुलनेतले नंतरचे)] × 100

आकडे घाला: 10 × 40 = 400, 50 × 20 = 1000, 1 − 0.4 = 0.6. म्हणजे 60 टक्के. आपला 80 चा दावा 60 वर आला. तुलनेचा गट नसता तर हे कधीच कळलं नसतं. ॲबट यांचं 1925 चं सूत्रही हाच विचार करतं, पण ते सुरुवातीची संख्या सगळीकडे सारखी आहे असं धरतं. घरच्या झाडांवर ती सारखी क्वचितच असते, म्हणून इथे हेंडरसन-टिल्टन बरं.

दुसरी चूक याहून जास्त होते. एका बोन्सायची 40 पानं मोजली आणि लिहिलं की नमुना 40. चूक. औषध एका झाडाला दिलंय, म्हणून नमुना 1. पानं ही त्याच झाडाची मोजमापं आहेत. हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये परिसंस्थाशास्त्रातल्या प्रयोगांत ही चूक किती पसरली आहे ते दाखवलं आणि तिला खोटी पुनरावृत्ती म्हटलं. आजही प्रबंधांत ती सापडते.

मग बरोबर काय? आबांच्या वडावर प्रयोग करू नका. फायकसच्या फांद्या लावून एकाच मापाच्या कुंड्यांत 12 रोपं तयार करा. तीन गट: साबण, नुसतं पाणी, काहीच नाही. प्रत्येकी चार रोपं. कोणतं रोप कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, "हे जास्त भरलंय, याला साबण देऊ" असं नको. गट एकमेकांत मिसळून ठेवा, नाहीतर खिडकीजवळचा उजेड एकाच गटाला मिळेल. आधी, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजा. शक्यतो मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. माझ्याकडे हे काम आजी करते. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे आणि तिला कोणत्याच उपायाचं प्रेम नाही.

आणि शेवटी एक विचार. 1959 मध्ये स्टर्न आणि सहकाऱ्यांनी आर्थिक नुकसान पातळीची कल्पना मांडली: कीड दिसली म्हणून फवारायचं नाही, नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तेव्हाच. बोन्सायला बाजारभाव नसतो, म्हणून ही पातळी रुपयांत काढता येत नाही. पण प्रश्न तोच विचारता येतो. या पाच ढेकणांनी झाडाचं जे बिघडेल ते, आणि मी जे खोलीत फवारणार आहे त्याने घरातल्या माणसांचं जे बिघडेल ते, यात जास्त काय? त्या एप्रिलमध्ये मी हा प्रश्न विचारला असता तर उत्तर कापसाच्या काडीत होतं.

वड आता बरा आहे. पावसाळ्यात अंगणात असतो. गेल्या वेळी आत आणताना आजीने भिंग घेऊन तासभर फांदीफांदी बघितली आणि तीन सापडले असं सांगितलं. मी वहीत तारीख घालून 3 लिहिलं. तुम्हीही आज एखाद्या कुंडीपासून वही सुरू करा. संशोधन प्रस्ताव लिहाल तेव्हा लागेल.